उजवीकडून टिल्डन, डावीकडून ॲशबर्न

व्हेरना होलुबला कुणी विचारलं की बाई, तू कारखान्यात नेमकं करतेस तरी काय, तर ती सांगायची, "बारसं करते." आणि ते काही खोटं नव्हतं. हार्लन फॉल्सच्या मोटार कारखान्यात लाईनच्या अगदी शेवटी, जिथे गाडी पूर्ण होऊन येते पण अजून बिननावाची असते, तिथे डाव्या अंगाला व्हेरना उभी असायची. गाडी समोर आली की मडगार्डच्या दोन भोकांत नावाच्या पट्टीच्या दोन पिना बसवायच्या, रबरी हातोडीने दोन टोले द्यायचे, झालं नामकरण. उजव्या अंगाला हेच काम लोवेल नावाचा गडी करायचा. दिवसाला साडेचारशे बारशी, ना केक ना पाद्री. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि त्या अकरा वर्षांत तिचा नवरा टेक्सासला नोकरी शोधायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. व्हेरना आपलं सामान उचलून वडिलांच्या घरी परत आली. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. गाड्यांबद्दल मात्र विचारा, तासभर थांबायची नाही.

तर या गाडीची कुळकथा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कंपनी एक, पण तिची घराणी दोन. टिल्डन ही कामगाराची गाडी. ॲशबर्न ही फोरमनची, दातांच्या डॉक्टरची, बँकेतल्या साहेबाची आणि दफनवाल्याची. पुढे पेट्रोल महागलं, जपानी लोकांच्या चिमुकल्या गाड्या गल्लोगल्ली दिसायला लागल्या, तेव्हा कंपनीची पाचावर धारण बसली आणि तिने घाईघाईने एक छोटी गाडी काढली. तिचं नाव टिल्डन रेन. ती खपायला लागली तसे ॲशबर्नचे दुकानदार मुख्य कचेरीत जाऊन रडायला लागले, की आमच्याकडे छोटं काहीच नाही, आम्ही विकायचं काय? मुख्य कचेरीतल्या हुशार माणसांनी सहा महिने डोकं चालवलं आणि तीच गाडी दुसऱ्या नावाने काढली. ॲशबर्न रीजंट. बैठकीच्या कापडावर पट्टे, समोर एक घड्याळ, आणि किंमत चढी. बाकी इंजिन तेच, दारं तीच, खडखडणारा हातमोज्यांचा खणसुद्धा तोच. एकाच लाईनवर पांढरी रेन आणि तिच्या मागे पांढरी रीजंट, जुळ्या बहिणींसारख्या यायच्या. व्हेरना पट्टी ठोकेपर्यंत कोण कुठल्या घरची हे त्या गाडीलाही ठाऊक नसायचं.

आणि हे गावात कुणाला पटायचं नाही. आमच्या गावची माणसं चर्च बदलतील, बायको बदलतील, गाडीचं नाव बदलणार नाहीत. एकदा चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या, जेवणाला एक बाई म्हणाली, रीजंटचं इंजिन कसं मांजरासारखं चालतं, रेनचं नुसतं धडधडतं. व्हेरना म्हणाली, "अहो, इंजिन एकच आहे. एकाच टोपलीतून येतं." त्या बाईने तिच्याकडे अशा दयेने पाहिलं, की जणू व्हेरनाच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणाली, "तुला मडगार्डाच्या पलीकडचं काय कळणार, बाळा."

पण बाहेरच्यांचं सोडा. खरं दुखणं तिच्या घरात होतं.

व्हेरनाचे वडील इग्गी होलुब चौतीस वर्षं त्याच कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होते. जन्मभर टिल्डन. शेजारच्या घरात त्यांचा धाकटा भाऊ रुडी, पेशाने प्लंबर, स्वतःचा धंदा, जन्मभर ॲशबर्न. दोन घरांच्या मधून एकच सिमेंटचा रस्ता, दोघांच्या सामायिक गराजपर्यंत जाणारा. आणि त्या रस्त्यावर तेरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. सत्तरच्या संपात इग्गी सदुसष्ट दिवस बिनपगारी होता. घरात रोज कोबी. आज कोबी आणि शेवया, उद्या शेवया आणि कोबी. त्या संपाच्या चाळिसाव्या दिवशी रुडीने कोरी करकरीत, जहाजाएवढी ॲशबर्न आणून त्या रस्त्यावर उभी केली. वर भावाच्या खिडकीखाली येऊन म्हणाला, "कशी आहे?" इग्गीने खिडकी लावून घेतली, ती तेरा वर्षं लावलेलीच.

रुडीचं म्हणणं, मी ती गाडी संपाच्या आधीच सांगून ठेवली होती. इग्गीचं म्हणणं, मग ती चर्चच्या मागे लावायची होती, माझ्या कोबीसमोर नव्हे. दोघांचंही म्हणणं व्हेरनाला पाठ होतं, कारण ते तिच्याच तोंडून ये-जा करायचं. दोघे रस्त्याच्या दोन कडांना उभे राहणार, मध्ये व्हेरना. "त्याला सांग, त्याच्या झाडाची पानं माझ्या पन्हाळीत पडतात." "त्याला सांग, पन्हाळ मीच फुकट बसवून दिली होती." दोघांमध्ये अंतर दहा पावलांचं. पण सांगायचं व्हेरनानेच.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात इग्गीच्या किडन्या बसल्या. आठवड्यातून तीन दिवस, मंगळ, गुरू, शनी, सकाळी सात वाजता वीस मैलांवरच्या हॉस्पिटलात डायलिसिस. गाडी चालवायची नाही, डॉक्टरांनी बजावलं. व्हेरनाची पाळी सहाला सुरू व्हायची. पहिले काही आठवडे ती मंगळवार-गुरुवार बुडवत राहिली. मग फोरमनने तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण हातात कागद होता. "व्हेरना, सात गैरहजेऱ्या झाल्या. नववीला मला तुला घरी पाठवावं लागेल." त्या वर्षी आमच्याकडे पोलादाच्या भट्ट्या बंद पडल्या होत्या, निम्मं गाव घरी बसलेलं. सुटलेली नोकरी परत मिळायची नाही. आणि डायलिसिस चुकवलं तर पपा मिळायचा नाही. व्हेरना अशी कात्रीत सापडली होती.

आणि शेजारी दहा पावलांवर रुडीकाका रिकामा बसलेला. बायको वारलेली, धंदा विकून टाकलेला, पहाटे पाचला उठून रेडिओवर पोल्काची नाचगाणी ऐकत कॉफी पिणारा. त्याच्या दारात नवी छोटी ॲशबर्न रीजंट. जहाज गंजून गेल्यावर घेतलेली. डावं मडगार्ड व्हेरनाच्याच हातचं.

तिने आधी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं.

"पपा, रुडीकाका नेईल तुला."

"ॲशबर्नमध्ये मी मेलो तरी बसणार नाही."

"मेल्यावर तर बसावंच लागेल. दफनवाल्याकडे ॲशबर्नच आहे."

"मग मला हातगाडीवरून न्या."

"अरे, ती टिल्डनच आहे रे. नाव तेवढं वेगळं. मी स्वतः ठोकते ना."

"नाव तेवढं वेगळं," इग्गी म्हणाला. "तुझं आणि राणी एलिझाबेथचंही नाव तेवढंच वेगळं असेल."

मग ती रुडीकडे गेली. रुडीने तिला अक्रोडाचं सारण भरलेली गोड गुंडाळी खायला दिली आणि ऐकून घेतलं. "मी न्यायला तयार आहे," तो म्हणाला. "तेरा वर्षं तयारच आहे. त्याने फक्त एक म्हणावं."

"काय?"

"की गाडी चांगली आहे. बस. मी त्याला तेव्हा विचारलं होतं, कशी आहे. उत्तर अजून यायचंय."

व्हेरनाला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. पण एक डोकं आजारी होतं, आणि दुसऱ्याने गुंडाळी दिली होती.

दोन-तीन आठवडे तिने चर्चमधल्या कुणाकुणाची मनधरणी करून पपाची ने-आण निभावली, पण तेही आता कंटाळले होते. मग आला हरणांचा सोमवार. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी आमच्याकडे हरणांची शिकार खुली होते, आणि त्या दिवशी शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, आणि कारखान्यातला निम्मा पुरुषवर्ग अचानक आजारी. फोरमन कारणही विचारत नाही, कारण तोही आजारी असतो. लोवेल अर्थातच आजारी होता. उजव्या अंगाला रंगखात्यातून एक म्हातारबा बदली आणून उभा केला होता. व्हेरना आपल्या बाजूने रीजंटना ॲशबर्नच्या पट्ट्या ठोकत होती. तासाभराने ती कॉफी आणायला म्हणून गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि जागच्या जागी थिजली. म्हातारबा मन लावून, अगदी सरळ रेषेत, टिल्डन ठोकत होता. त्याने डबाच चुकीचा उघडला होता.

चाळीस गाड्या गेल्या होत्या. डावीकडून ॲशबर्न, उजवीकडून टिल्डन. तपासनीस पुढे उभा होता तो डाव्या बाजूला, त्याने चाळीसही पास केल्या. अंगणात ड्रायव्हरने नेऊन लावल्या, तोही डावीकडूनच चढतो-उतरतो, स्टिअरिंग डावीकडे म्हटल्यावर. कुणाच्या म्हणून लक्षात आलं नाही. लाईन थांबवली, सगळ्या परत आणल्या, दिवसभर दोघे-तिघे पट्ट्या उपटत बसले. उपटलेल्या पट्ट्यांच्या पिना वाकल्या, त्या भंगारात निघाल्या. त्या भंगाराच्या पेटीपाशी व्हेरना बराच वेळ उभी होती. माणूस गाडीची एकच बाजू बघतो, जिथे तो उभा असतो ती, हे तिच्या मनात घोळत होतं. मग तिने बदली फोरमनला विचारून त्यातली एक टिल्डनची पट्टी आपल्या जेवणाच्या डब्यात टाकली, सँडविचच्या कागदाखाली.

रविवारी इग्गी आठच्या प्रार्थनेला जायचा आणि रुडी दहाच्या, म्हणजे देवाच्या घरीही गाठ नको. इग्गी येऊन झोपला, रुडी पायी चर्चला गेला. व्हेरना रबरी हातोडी आणि मासे पकडायचा दोरा घेऊन रीजंटच्या उजव्या बाजूला बसली. दोरा मागून घालून जुनी पट्टी हलके ओढून काढली, वाकडी पिन पक्कडीने सरळ केली, आणि दोन टोले. दहा मिनिटांचं काम. गाडी नेहमी नाक गराजकडे करून उभी असायची, म्हणजे उजवी बाजू इग्गीच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे आणि डावी रुडीच्या. मागच्या झाकणावरचं ॲशबर्न तिने तसंच ठेवलं. पपा दारातून निघून गाडीत बसणार, गाडीतून उतरून दारात जाणार. मागे जायचं त्याला कारणच नव्हतं.

मग ती दोघांशी खोटं बोलली, आणि पुढच्या शनिवारी पाद्र्यापुढे कबूलही करून आली.

"पपा, रुडीकाकाने टिल्डन घेतलीय. आपण उगीच ॲशबर्न समजत होतो. खिडकीतून बघ."

इग्गीने खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हं," म्हणाला.

आणि पलीकडे, "काका, पपा म्हणाला."

"काय म्हणाला?"

"गाडी चांगली आहे."

"याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

रुडीने तिच्याकडे पाहिलं, मग कॉफीत पाहिलं. "मंगळवारी पावणेसहाला," तो म्हणाला.

त्या मंगळवारी व्हेरना लाईनवर उभी होती खरी, पण जीव सगळा वीस मैलांच्या रस्त्यावर टांगलेला. कुठेतरी एकजण म्हणणार, तुझी टिल्डन, दुसरा म्हणणार, कसली टिल्डन, आणि पपा भर हायवेवर उतरून चालायला लागणार. दुपारी घरी येते तर इग्गी सूप पीत बसलेला, जरा दमलेला, पण जागेवर.

"काय बोललात रे वाटेत?"

"त्याच्याशी? मी बोलत नाही त्याच्याशी."

तेव्हा तिला उमगलं की तेरा वर्षांचा अबोलाच तिला तारतोय. जाताना पोल्का, येताना पोल्का, दोघांच्या नजरा समोर. बोलायचंच नाही म्हटल्यावर भांडण तरी कशावरून होणार?

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. एकच गोष्ट व्हेरनाला खुपत होती. रुडी दर शनिवारी संध्याकाळी गराजात गरम पाण्याची बादली घेऊन गाडी धुवायचा, रस्त्यावरच्या मिठाने पत्रा गंजतो म्हणून. डावीकडून धुवायचा, उजवीकडूनही धुवायचा. मग त्याला दिसत कसं नाही? काकाची नजर गेली असावी, अशी तिने मनाची समजूत घातली आणि मग दुसरंच भ्या शिरलं, की असल्या आंधळ्याच्या हातात आपण पपाला देतोय. तिने गळ घालून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तो छाती काढून परत आला. "डॉक्टर म्हणाला, गरुडाची नजर. तक्त्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं मी." व्हेरनाने हात टेकले. देवाची कृपा म्हणायची आणि पुढे चालायचं.

मार्चात रस्ते उखडले. आमच्याकडे हिवाळा संपतो तो खड्ड्यांनीच कळतो. एका सोमवारी पहाटे कामाला निघताना व्हेरनाची नजर रीजंटच्या उजव्या मडगार्डावर गेली आणि ती खाली वाकली. पट्टी नव्हती. नुसती दोन भोकं. वाकडी करून सरळ केलेली पिन ती, किती टिकणार? कुठल्या तरी खड्ड्यात टिल्डन पडली होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. तिने विचार केला, आज कारखान्यातून एक पट्टी मागून आणू. पण तो आठवडा नेमका सगळा रीजंटचा. टिल्डनचे डबे गोदामात कुलपात, आणि गोदामवाला म्हणाला, कागदावाचून मी माझ्या आईलाही देणार नाही. त्यात त्या दिवशी जादा काम लागलं, ते संपवून संध्याकाळी टिल्डनच्या शोरूममध्ये जावं तर ते पाचला बंद झालेलं. ती अंधार पडताना घरी आली तेव्हा रुडीच्या खिडकीत दिवा होता, गराज बंद होतं. बाबापुता करून पपाला सांगावं का? सांगितलं तर तो परत त्या गाडीत पाय ठेवणार नाही. वर फसवलं म्हणून तिच्याशीही बोलणं टाकेल, आणि आमच्या होलुबांचं बोलणं टाकणं म्हणजे तेरा-तेरा वर्षांची बात. सकाळी काहीही सबब सांगून आपणच पपाला न्यायचं, तिने ठरवलं. आठवी गैरहजेरी. गुरुवारी नववी. पुढचं पुढे.

मंगळवारी सकाळी ती कोट चढवून, किल्ल्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. बाहेर रात्रीचं दहिवर गोठून गाड्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या. रुडीकाका रीजंटच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. आणि उजव्या मडगार्डावर पट्टी होती.

टिल्डन. कोरी, चकचकीत. पण तिरकी. एक बाजू चांगली बोटभर वर, आणि कडेने प्लंबरची पांढरी पुट्टी बाहेर आलेली, केकवरच्या साखरेसारखी. व्हेरना आधी पट्टीकडे बघत राहिली, मग रुडीच्या हाताकडे. त्याच्या हातात बर्फ खरवडायचं पिवळं प्लॅस्टिकचं उलथनं होतं. असली पिवळी उलथनी गावात एकाच ठिकाणी मिळतात. टिल्डनच्या शोरूममध्ये, खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला एक, त्यांचं नाव छापलेलं. पपाच्या ड्रॉवरमध्ये तशी सात होती. रुडी होलुब, ज्याने त्या दुकानाचा उंबरा जन्मात ओलांडला नव्हता, जो पाऊस आला तरी त्याच्या छपराखाली थांबायचा नाही, तो काल दुपारी पाचच्या आत तिथे जाऊन काउंटरवर उभा राहिला होता आणि त्याने टिल्डनची पट्टी मागून घेतली होती.

"काका," ती म्हणाली. 

"थंडी आहे," रुडी म्हणाला, काच खरवडत.

तेवढ्यात इग्गी बाहेर आला. टोपी कानांवर, हातात जेवणाची पिशवी. तीन पायऱ्या उतरून तो गाडीशी आला आणि थांबला.  इग्गीने हातमोजा काढला, अंगठ्याने पट्टीवरून हळू हात फिरवला, पुट्टी नखाने टोकरून पाहिली. मग तो मागे चालत गेला. गाडीच्या मागे, जिथे जायचं त्याला कारणच नव्हतं. मागच्या झाकणावरच्या ॲशबर्नवरचा बर्फ त्याने कोपराने पुसला आणि तसाच परत आला.

"व्हेरना," तो म्हणाला. रुडी दोन पावलांवर उभा होता. "त्याला सांग, पट्टी तिरकी लावलीये. पाईप सोडून जन्मात त्याला काही सरळ बसवता आलं नाही. तू लावली होतीस तेव्हा सरळ होती."

 चार महिने ती दोन म्हाताऱ्यांना सांभाळत होती अशी तिची समजूत होती.

"आणि त्याला हेही सांग," इग्गी दार उघडत म्हणाला, "गाडी चांगली आहे."

रुडीचा हात काचेवर थांबला. काच एव्हाना लखलखीत झाली होती, तरी तो मान खाली घालून तीच जागा पुन्हा खरवडायला लागला. बराच वेळ खरवडत राहिला. मग नाक ओढून, उलथनं खिशात घालून तो डावीकडून आत बसला.

"व्हेरना, त्याला सांग," काच खाली करून तो म्हणाला, "की ऐकलं मी."

"पपा, काका म्हणतो..."

"मला ऐकू येतं," इग्गी आतून म्हणाला.

रीजंट, किंवा रेन, मागे मागे जात रस्त्याला लागली. आतून पोल्का ऐकू येत होता. व्हेरनाने घड्याळ पाहिलं, सहाला नऊ मिनिटं कमी होती. ती धावत जाऊन लाईनवर उभी राहिली तेव्हा भोंगा व्हायचा होता. पट्टी सरळ करून द्यायचं पुढे तिच्या कितीदा तरी मनात आलं, पण ती पट्टी तिने कधी सरळ केली नाही.